पिवळा निघाला तर

मिलाडाचा नियम एकच होता: ज्याचे लाड करावे लागतात ते झाड आपलं नाही. घरामागच्या उतारावर तिने चपटे दगड उभे रोवून बाग केली होती; आमच्याकडे तिला स्काल्का म्हणतात. त्या दगडांच्या फटींत जे झाड तीन हिवाळे काढेल, त्यालाच ती नावाची पट्टी द्यायची. बाकीची खतात. मी धंद्याने काच बसवणारा, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझं काम काचा कापून देणं. ही डोंगरातली झाडं थंडीने मरत नाहीत, ओलीने मरतात. म्हणून नोव्हेंबरात प्रत्येक झाडावर विटांच्या आधाराने तिरपी काच ठेवायची.

"याच्या काचा नसत्या तर मी याच्याशी लग्न केलं असतं का?" असं ती बागवाल्यांच्या मंडळातल्या लोकांना सांगायची. सगळे हसायचे, मीही हसायचो. थोडं खरं असावं.

तिचं सगळ्यात लाडकं झाड लोमीकामेन, म्हणजे दगड फोडणारं. नाव केवढं, आणि झाड मुठीएवढं, करड्या हिरव्या उशीसारखं. दोन जाती घेऊन तिने स्वतः कुंचल्याने संकर केला होता. रुजलेल्यांतलं एकच रोप तगलं, तेही अजून कुंडीतच होतं. चौथ्या वर्षी त्याच्या पानांत बाजरीच्या दाण्याएवढ्या पाच कळ्या धरल्या, आणि त्याच शरदात डॉक्टरांनी मिलाडाला घरी पाठवलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, नाताळ निघेल, पुढचं काही सांगता येत नाही. कळ्या उमलणार होत्या मार्चमध्ये.

तिची वही होती. आई, बाप, पेरणी, पहिली कळी, रंग, असे रकाने, आणि शेवटचा रकाना 'ठेवा की फेका'. 'पहिली कळी'पर्यंत तिने भरलं होतं.

"रंग काय येईल रे?" स्वयंपाकघरात शेगडीजवळ तिची खाट टाकली होती, तिथून रोज हाच प्रश्न. "जर्दाळूसारखा आला ना, तर प्रागच्या प्रदर्शनात मंडळातल्या त्या रादिमचं तोंड बघण्यासारखं होईल. आणि पिवळा निघाला तर सरळ फेकून दे. पिवळे त्याच्याकडे ढिगाने पडलेत."

चार डिसेंबरला संत बार्बोराचा दिवस. त्या दिवशी चेरीची फांदी कापून उबदार खोलीत पाण्यात ठेवतात, ती नाताळपर्यंत फुलते. मी तिच्यासाठी फांदी आणली, बरणीत ठेवली, आणि माझ्या डोक्यात ते शहाणपण शिरलं. चेरी फुलते, तर हे का नाही? तिला रंग दिसला पाहिजे, एवढंच मला समजत होतं. गारठलेली कुंडी उचलून आणली आणि खिडकीत बरणीमागे लपवली.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "त्या बरणीमागे काय आहे?"

"काही नाही."

"ओता, मी आजारी आहे, आंधळी नाही."

मी कुंडी तिच्याजवळ नेली. दोन कळ्या फुगून पानांच्या वर आल्या होत्या. तिने बोट लावलं. इतक्या हावरेपणाने ती बघत होती की मला वाटलं, आता म्हणेल, राहू दे. मग तिने बोट काढून घेतलं.

"गाढवा," शेवटी म्हणाली, "ही काय चेरी आहे? ती कापलेली फांदी, फुलली की फेकायची. याला मुळं आहेत. आता फुललं तर महिन्याभरात सडेल."

"पण तू बघशील तरी!"

"मी बघेन. आणि मार्चमध्ये तू काय बघशील?"

तिनेच पुढचं सांगितलं. "थेट बाहेर नेऊ नकोस, मरेल. चार दिवस जिन्यात, मग तळघराच्या खिडकीत, मग बाहेर. वर काच ठेव. आणि माझ्यावर पुन्हा असले उपकार करू नकोस."

मी कुंडी घेऊन जिन्यात गेलो आणि तिथेच पायरीवर बसून रडलो.

चेरी तेवीस तारखेला फुलली. मिलाडा जानेवारीअखेर गेली.

अकरा मार्चला मी काच उचलली. माझ्या शहाणपणाने वर आलेल्या त्या दोन कळ्या वाळून गेल्या होत्या. बाकीच्या तीन उमलल्या होत्या. पिवळ्या. अंड्याच्या बलकासारख्या, साध्या, पिवळ्या. मला तिचा राग आला. एवढ्यासाठी कुंडी बाहेर ठेवायला लावलीस? मग मी त्या ओल्या दगडावरच बसलो, ऊन सरकेपर्यंत. तिला रंग सांगायचा होता आणि ऐकायला ती नव्हती.

एप्रिलमध्ये रादिम रोपं न्यायला आला. वाकून बघितलं आणि म्हणाला, "ओता, असला पिवळा रस्त्यावर मिळतो. मिलाडाने कधीच खतात टाकला असता."

"माहीत आहे मला," मी म्हणालो, आणि त्याला दुसरी रोपं दाखवायला नेलं.

याला नऊ हिवाळे झाले. ते झाड आता फटीत आहे, बशीएवढं झालंय. जुनी काच चांगली असली तरी दर नोव्हेंबरात मी त्याच्यासाठी नवी कापतो. वही फडताळात आहे. मार्चमध्ये ती काढतो, पेन्सिलीला टोक करतो, आणि रंगाचा रकाना तसाच कोरा ठेवून वही मिटतो. तो भरला की पुढचाही भरावा लागेल, आणि त्यात काय लिहायचं ते तिने सांगून ठेवलंय.