गुरुजींचा हुंकार

काष्टीच्या पाटोळे गुरुजींचे डोळे काचबिंदूनं गेले, तेव्हापासून रोज पहाटे त्यांना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचं काम त्यांच्या बायकोकडे, अलीशिबाबाईंकडे आलं. गुरुजी खाटेवर भिंतीला टेकून बसायचे, बाई समोर स्टुलावर. पहिल्या पानापासून क्रमानं, एकही अध्याय न गाळता वाचायचं, ही गुरुजींची शिस्त. बाई थांबल्या की ते घशातून "हं" असा हुंकार द्यायचे. म्हणजे, वाच पुढं. एखादी ओळ गळालीच तर लगेच म्हणायचे, "अगं, ओळ सुटली."

बाईंचं अर्धं लक्ष गॅसवरच्या दुधाकडं, अर्धं नळाच्या पाण्याकडं. तोंड वाचत राहायचं, कानांपर्यंत काही पोचायचं नाही. रविवारची भक्ती त्यांनी कधी चुकवली नव्हती, प्रार्थनाही मनापासून करायच्या. पण शास्त्र म्हणजे त्यांना गुरुजींच्या औषधासारखं वाटायचं. वेळच्या वेळी द्यायचं आणि मोकळं व्हायचं.

दिवाळी होऊन गेली होती. मोशेच्या काळातल्या निवासमंडपाचा, देवासाठी उभारलेल्या तंबूचा, अध्याय चालू होता. पडदे केवढे लांब, कड्या कशाच्या, खांब कसे, संपता संपेना. मध्येच बाई थांबल्या, तर हुंकार आला नाही. गुरुजींची मान जरा कलली होती. डोळा लागला वाटतं, असं म्हणून बाईंनी अध्याय तसाच अर्धवट सोडला, पुस्तक मिटलं आणि मनातून थोड्या सुखावूनच चहा टाकायला गेल्या. कप घेऊन परत आल्या तेव्हा गुरुजी तसेच टेकलेले होते. हात गार पडले होते.

माती दिली. मुलगी सुवार्ता पुण्यात दवाखान्यात परिचारिका होती. आठवडाभर राहून तीही गेली. बाईंनी पुस्तक ट्रंकेत साड्यांखाली ठेवून दिलं. आता पहाटे उठायचं काही कारण उरलं नव्हतं.

जाग मात्र त्याच वेळेला येत राहिली. अंथरुणात पडून त्या रस्त्यावरून कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांचा आवाज ऐकायच्या. एकदा ट्रॅक्टर लांब गेला, सगळं शांत झालं, आणि मधल्या खोलीतून आवाज आला.

"हं."

बाई उठून बसल्या. खोलीत गेल्या, दिवा लावला. खाट रिकामी होती. वर गुरुजींची घोंगडी घडी करून ठेवलेली. मांजर असेल म्हणून खाटेखाली बघितलं, दार उघडून अंगणात बघितलं. कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिसऱ्या दिवशीही. तो आवाज भीती घालणारा नव्हता, रागाचा नव्हता. वाट बघणाऱ्या माणसाचा होता. त्यानंच बाईंच्या अंगावर काटा यायचा. रागावलेल्या माणसाला काहीतरी उत्तर देता येतं. वाट बघणाऱ्याला काय सांगायचं?

फोनवर त्यांनी सुवार्ताला सांगून बघितलं.

"आई, इतकी वर्षं सवय आहे कानाला. तू इकडं ये बघू चार दिवस."

"आणि ते?"

"ते कोण, आई?"

बाईंनी विषय बदलला.

मग त्यांच्या डोक्यात आलं की अध्याय अर्धा राहिलाय, तोच त्यांना पुरा करून हवा असणार. पहाटे त्यांनी ट्रंक उघडली, पुस्तक काढलं आणि स्टूल खाटेसमोर ओढलं. पडद्यांपासून सुरुवात करून खांबांपर्यंत सगळा अध्याय त्यांनी एका दमात वाचून काढला. शेवटचा शब्द झाला, त्यांनी पुस्तक मिटलं.

"हं," खाटेवरून आवाज आला.

बाईंनी घाईघाईनं पुस्तक परत उघडलं. त्या दिवसापासून त्या भीतीनं वाचू लागल्या. वाचत असेपर्यंत खोली गप्प असायची. थांबलं की हुंकार. घसा बसेपर्यंत वाचायचं, आणि उजाडलं की पळाल्यासारखं बाहेर अंगणात यायचं. जेवण जाईना. दूध घालायला येणारी झुंबरबाई म्हणालीच, "काकू, तोंड लई उतरलंय तुमचं. गुरुजी गेल्यापासनं निम्म्या झाल्या तुमी."

एका पहाटे बाईंचा धीर सुटला. कुठलेसे यज्ञांचे नियम चालले होते. त्यांनी पुस्तक मांडीवर आपटलं.

"काय पाहिजे काय तुम्हाला? आयुष्यभर तुम्हाला पाहिजे ते वाचलं. आज मी मला पाहिजे ते वाचणार. मागंपुढं, कुठलंही. हुंकार द्या नाहीतर नका देऊ!"

त्यांनी रागातच पानं मागं उलटली. योसेफाची गोष्ट निघाली. ही त्यांनी गुरुजींना पूर्वी वाचून दाखवली होती, पण एक अक्षर आठवत नव्हतं. त्या वाचू लागल्या. भावांनी त्याचा झगा काढून घेतला, त्याला कोरड्या विहिरीत टाकलं. आणि पुढच्याच ओळीला बाई अडखळल्या. ते भाऊ जेवायला बसले होते.

बाईंनी ती ओळ परत वाचली. मग खाटेकडं बघून म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? भाऊ विहिरीत, आणि हे वर भाकरी खायला बसले! घास उतरला कसा मेल्यांच्या घशाखाली?"

खाटेवरून काही आवाज आला नाही. पण कुणीतरी हसू दाबतंय, तशी खोली वाटली. बाईंना दरदरून घाम फुटला, आणि त्याच वेळी त्यांना स्वतःलाही हसू आलं.

त्यानंतर वाचायची रीतच बदलली. घाई गेली. थोडंसंच वाचायचं, पण प्रत्येक वाक्याला थांबायचं. पटलं नाही तर तसं खाटेला सांगायचं. कळलं नाही तर प्रभूलाच विचारायचं, "याचा अर्थ काय रे बाबा?" देवावर रुसून उन्हात बसलेला योना वाचताना त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. आवडलेली ओळ भाकरी थापताना आठवायची, बाजारात मेथीची जुडी निवडताना आठवायची. रात्री झोपताना उद्या योसेफाचे भाऊ धान्य घ्यायला येतील, असं मनात येऊन बरं वाटायचं. पहाटे त्या आवाजानं नाही, आपल्या आपण उठू लागल्या.

हुंकार अजून यायचा, पण बारीक झाला होता. पुढं मधून मधून. आणि एका सकाळी रूथचं पुस्तक वाचताना बाईंच्या ध्यानात आलं की तो येऊन बरेच दिवस झाले.

त्या गारठल्या. इतके दिवस ज्याची भीती वाटली, ते गेलं म्हणून आता भीती वाटली. त्यांनी मुद्दाम एक ओळ गाळली आणि कान लावला. काही नाही. आणखी दोन गाळल्या.

"अहो, ओळी सुटल्या," त्या म्हणाल्या. "बोला की."

खाट नुसती खाट होती. बाईंनी घोंगडीत तोंड खुपसलं आणि दफनाच्या दिवशीही रडल्या नव्हत्या एवढ्या रडल्या.

वाचन बंद केलं तर ते परत येतील, असं वाटून त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं. कितीतरी पहाटे त्या अंधारात स्टुलावर कान देऊन बसल्या. रस्त्यावरचे ट्रॅक्टर यायचे, जायचे. घर नुसतं रिकामं होतं.

अशाच एका पहाटे त्यांना रूथच्या पुस्तकातली नामी आठवली. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, आणि ती विधवा सुनेला, रूथला, बरोबर घेऊन परमुलखातून आपल्या गावाकडं निघाली होती. बाईंनी तिला वाटेतच सोडलं होतं. पोचली का ती? गावातल्या बायका काय म्हणाल्या असतील तिला?

त्यांनी दिवा लावला. पान सापडलं. नामी गावात पोचली होती, आणि विचारपूस करणाऱ्या बायकांना सांगत होती की जुन्या नावानं मला हाक मारू नका, माझं सगळं कडू झालंय, भरल्या हातानं गेले आणि रिकामी परत आले. बाई कितीतरी वेळ त्या ओळींवर बोट ठेवून बसल्या. असं बोलायची परवानगी असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शास्त्रात लिहिलेलं असून ठाऊक नव्हतं. मग त्यांनी मोठ्यानं प्रार्थना केली, नामीच्याच शब्दांत, तक्रारीसकट. डोळे पुसले आणि पुढं वाचायला घेतलं. गोष्टीत जवाच्या कापणीचे दिवस होते. बाहेर रानात ज्वारीची काढणी चालू होती.

उजाडलं तरी त्यांना कळलं नाही. दारात दुधाची किटली घेऊन झुंबरबाई उभी होती, आणि बरीच उभी असावी.

"काकू, ती सून कुनाच्या रानात गेली म्हनाला?"

"बवाजाच्या. नात्यातलाच लागतो, पण तिला माहीत नाही."

"आन् त्यो भला हाय का वंगाळ?"

"तेच बघतेय," बाई म्हणाल्या. "ये आत. ती किटली ठेव तिकडं."

झुंबरबाईनं चपला काढल्या, इकडं तिकडं बघितलं आणि खाटेवर टेकली. बाईंनी क्षणभर तिच्याकडं बघितलं, मग चष्मा सारखा केला आणि वाचू लागल्या.