सम्राटाची शिंक

हे कुणाला पटणार नाही, आणि पटावं असा माझा हट्टही नाही. पण आमच्या स्मिर्नाच्या चौकात रोमचा सम्राट शिंकला, आणि ती शिंक मी ह्या कानांनी ऐकली. सम्राट म्हणजे त्याचा संगमरवरी पुतळा. खरा सम्राट आमच्या गावात शिंकायला कशाला येतोय.

तेव्हा माझं मसाल्याचं दुकान होतं. मिरी, जिरं, समुद्रापलीकडून काय काय यायचं. बायको आफिया त्या ख्रिस्ताच्या लोकांत गेलेली. आठवड्यातून एकदा ती मंडळी आमच्याच माजघरात जमायची, भाकर मोडून वाटून खायची, गाणी म्हणायची. माझी काही तक्रार नव्हती. भाकर चांगली असायची.

पण एका उन्हाळ्यात फर्मान निघालं. प्रत्येकाने पुतळ्यापुढच्या निखाऱ्यांवर चिमूटभर धूप टाकायचा. जो टाकणार नाही तो तुरुंगात, आणि तिथून रिंगणात, अस्वलांपुढे.

मी तिला म्हटलं, "अगं, चिमूटभर तर धूप. मसुरात मीठ टाकतेस तसा टाक आणि घरी ये."

"मसुरात मीठ टाकते, पण मसुराच्या पाया पडत नाही."

"मग माझ्यासाठी टाक."

"तुमच्यासाठी जन्मभर रांधीन, जन्मभर भांडेन. एवढं मात्र मागू नका."

ह्या बाईशी वाद घालून मी कधी जिंकलोय? उठून दुकानात गेलो.

ठरल्या दिवशी सारं गाव चौकात. मी अगदी पुढे, गर्दीत उभा. धुपापाशी क्रातेरोस अंमलदार, जाडाजुडा, घामाने निथळलेला. माणूस वाईट नव्हता, माझं जुनं गिऱ्हाईक.

"आफियाबाई, उरका," तो म्हणाला. "उन्हाने माझं डोकं शिजलंय."

"मी टाकणार नाही. माझा देव एकच आहे," आफिया म्हणाली, आणि तिचं वाक्य पुरं होतंय तोच पुतळा शिंकला. अशी शिंक, की छपरांवरची कबुतरं उडाली, निखाऱ्यांची राख क्रातेरोसच्या दाढीत गेली आणि बंदरातली गलबतं दोर तोडून समुद्राला लागली.

आमच्याकडे कुणी बोलत असताना शिंक आली, की ते बोलणं खरं. देवांनी त्याला होकार दिला असं धरायचं. लग्नं ठरतात ह्यावर. इथे तर खुद्द सम्राटच शिंकलेला, तोही क्रातेरोसच्या उजव्या हाताला, म्हणजे शुभच शुभ. बिचारा पांढराफटक पडला. सम्राटाने होकार दिल्यावर नाही म्हणणारा तो कोण?

दाढी झटकत तो म्हणाला, "बाई, घरी जा. तुमचं नि सम्राटांचं जमलेलं दिसतंय. मी कशाला मधे पडू."

परवा माजघरात मंडळी जमली तेव्हा हे सगळं असंच सांगितलं. सगळे तोंडाचा आ करून ऐकत होते. आफिया भाकर मोडत होती. मान वर न करता ती म्हणाली,

"अहो, त्या पुतळ्याचं नाक आदल्या साली भूकंपातच पडलेलं. तो शिंकला कुठून? आणि गर्दीत मी तुम्हालाच शोधत होते, तुम्ही नव्हता. मग पुतळ्यामागून आलात, तेव्हा नाक लालभडक, डोळ्यांना धारा, आणि बोटं नुसती मिरपुडीने भरलेली."