बापाची जागा

“घाण तुमची होती, अध्यक्षसाहेब. यानं फक्त उपसली.”

तान्ह्या लेकीला छातीशी धरून गटारवाल्याची बायको चर्चच्या दारात बोलत होती. आवाज खाली आणायचं तिच्या मनातही नव्हतं.

सकाळी सहाला चर्चच्या मंडळीच्या अध्यक्षांचाच नवऱ्याला फोन आला होता. चर्चमागचं चेंबर तुंबलंय, पाहुणे यायच्या आत मोकळं कर. लेकीचा बाप्तिस्मा नऊला, तरी तो गेला. प्रार्थनेला अत्तर लावून येणाऱ्यांचंही शेवटी त्याच चेंबरात जातं. छातीभर त्यात उतरून त्यानं हातानं चिंध्या, केस, प्लास्टिक काढलं. मग मागच्या नळावर साबणाची अख्खी वडी झिजवली आणि लग्नातला शर्ट चढवला. वास काही हटला नाही.

“अहो बाई, देव मन बघतो, हे मीच शिकवतो,” अध्यक्ष नाकावरचा रुमाल न काढता म्हणाले. “पण पाहुणे नाकानं बघतात. आज मुलीला मामा धरेल. रजिस्टरमध्ये बापाचंच नाव राहील ना!”

“जाऊ दे गं,” गटारवाला म्हणाला. दोन्ही हात त्यानं पाठीमागे नेले होते. “मी इथनंच बघतो. इथं वारा तरी लागतो.”

तिचा भाऊ पुढे झाला. बँकेतली नोकरी, इस्त्रीचा कोट.

“ताई, उगाच तमाशा नको. दहा मिनिटांचं तर काम.”

त्यानं भाचीला घेतलं. कोटाला लाळ लागू नये म्हणून जरा लांबच धरलं.

पुढे वेदीपाशी पाळकांनी बाप्तिस्म्याचं पुस्तक उघडलं.

“या लेकरासाठी कोण उत्तर देतं?”

मामानं घसा साफ केला.

“मी,” दारातून बापाचा आवाज आला.

सगळ्या माना वळल्या, आणि वळल्या तशा सरळ झाल्या. पाळकांनी ऐकलं होतं; ओळीवरचं बोट थांबलं होतं. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष छताकडे पाहत होते. बोट पुढच्या ओळीवर सरकलं.

“तुम्ही देता ना?” त्यांनी मामाला विचारलं.

पुढच्या बाकावरून बायको उठली. भावाच्या हातातून लेक काढून घेतली आणि मधल्या वाटेनं दाराकडे चालू लागली. दोन्हीकडच्यांनी पाय आवरून घेतले. दारात तिनं नवऱ्याचे हात ओढून पुढे आणले, त्यांत लेक ठेवली. लेकीनं त्याच्या गळ्याशी तोंड खुपसलं आणि जांभई दिली.

मग ती वळली.

“पाळकसाहेब, बाप इथं उभा आहे. तुमचं पाणी इथवर येतं का?”

पाळकांची मान जराशी हलली; हो की नाही, कळेना.

“मान हलवू नका. तोंडानं सांगा. येतं की नाही?”