चौदा इंची खुर्ची

"काका, दोनच इंच कापा ना," राजनंदिनी म्हणाली.

पुंजारामने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हातातल्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, केव्हाच निघाला होता, तरी तो चाक फिरवून बघतच राहिला. मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या त्याच्या सायकलदुकानात त्या दिवशी दोन खुर्च्या होत्या. एक राजनंदिनीची रोजची, हॉस्टेलपासून ढकलत आणलेली. दुसरी शर्यतीची, तीन चाकांची, लांबुळकी, पुंजारामने स्वतः पाइप वाकवून केलेली. केली होती ती मात्र शिवराजसाठी, त्याच्या मुलासाठी.

"खुर्ची एक नंबर आहे, पण मी आत हलते. दोन्हीकडं बोट-बोट जागा राहते. वळणावर घसरायला होतं."

"शिवराज चौदा इंची व्हता. तू बाराची असशील."

"मग कापा की!"

"कापायचं नाय. गादी लावून देतो. लई घट्ट बसशील बघ."

पुंजारामच्या डोक्यात एकदा काही बसलं की ते सोडवायला कुठलाच पाना चालत नसे. सरूबाईने, त्याच्या बायकोने, हे तीस वर्षं अनुभवलं होतं. राजनंदिनीला ते महिन्याभरात कळलं.

शिवराज एकोणीस वर्षांचा असताना जालना रोडवर त्याच्या मोटारसायकलला टेम्पोने उडवलं आणि कमरेखालचं अंग गेलं. वर्षभर तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. मग बापाने खुर्ची केली आणि पोरगा उठला. शहरातल्या मॅरेथॉनमध्ये व्हीलचेअरच्या शर्यतीत चौथा आला. पुढच्या वर्षी पहिल्या तिघांत येणार म्हणून रोज पहाटे बाहेर पडायचा. बसून बसून मांडीच्या मागे एक जखम झाली. अंग बधिर, दुखणार कसं? वास यायला लागला तेव्हा ती हाडापर्यंत गेली होती. बावीस दिवस दवाखान्यात काढून गेल्या पावसाळ्यात शिवराज गेला.

खुर्ची दुकानात आकड्याला टांगलेली होती. वैजापूरची ही पोरगी, बाराव्या वर्षी गच्चीवरून पडून कमरेखालचं अंग गेलेली, क्रीडा संकुलात रोजच्याच खुर्चीवर सराव करते असं कानावर आलं, तेव्हा पुंजारामने आपणहून तिला बोलावून घेतलं. आकड्यावरून खुर्ची त्याने सहज काढली. पण तिला करवत लावायची म्हटलं की तो दुसरंच काही काम हातात घ्यायचा. चौदा इंच म्हणजे त्याला पोरगाच बसलेला दिसायचा, आणि हे तो कुणाला सांगणार?

त्याने जुन्या स्कूटरच्या सीटमधला फोम काढला, दोन्ही बाजूंना बसवला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळला. चाळीस वर्षं त्याने असंच सगळं बांधलं होतं. दुधाचे कॅन, पिठाचे डबे, पाचोडच्या बाजाराची गाठोडी. कॅरिअरला काही बांधताना गाठ नेहमी आतल्या बाजूला सारायची, म्हणजे ती चाकात जात नाही. हाताला सवय होती. त्याने गाठ आत सारली.

राजनंदिनी बसून हलली, डुलली. "अहाहा! आता जाते मी सुसाट!"

डिसेंबरातल्या रविवारी, दिवस उगवायच्या सुमारास, शर्यत सुटली. आधी व्हीलचेअरवाले, मग केनिया-इथिओपियाचे ते काटक धावणारे, मग सगळं शहर. चौदा खुर्च्या क्रांती चौकाकडे गेल्या तेव्हा कडाक्याच्या थंडीतही पुंजारामला घाम फुटला होता. पहिल्या दोन येणाऱ्या मुली फेब्रुवारीत राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. राजनंदिनी गेला महिनाभर दुसरं काही बोलतच नव्हती.

अर्ध्या तासाने ढोल वाजायला लागले. मुलींमधली पहिली खुर्ची आली, आणि तिच्या मागे दहा हातांवर दुसरी.

"आपली हाय! आवं, आपलीच हाय!" सरूबाई ओरडली.

दुसरी! पुंजाराम हसला. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा हसला, आणि हसता हसता त्याला रडू आलं. संकुलातल्या पोरांनी राजनंदिनीच्या गळ्यात हार घातला. कुणी फोटो काढले.

रोजच्या खुर्चीत घ्यायला सरूबाई वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"पोरी, हे काय?"

राजनंदिनीच्या पॅंटवर, डाव्या कुल्ल्याच्या बाजूला, तांबडा डाग होता. तिने हात लावला, बोटं बघितली. "मला काहीच कळलं नाही, काकू," ती म्हणाली.

पुंजारामने फोमवरून हात फिरवला. ट्यूबची आत सारलेली गाठ ओली होती.

शर्यतीच्या मदत-तंबूतल्या डॉक्टरबाईंनी जखम पुसली. जखम बटणाएवढी होती, पण आजूबाजूचं मांस काळंनिळं झालं होतं. "दोन महिने बसायचं नाही. पालथं झोपायचं."

"फेब्रुवारीत माझी—"

"फेब्रुवारी विसर बाळा. असल्या जखमेवर बसली माणसं, की उठत नाहीत."

पुंजाराम तंबूबाहेर जाऊन उभा राहिला. रस्त्यावरून हजारो पाय धावत होते.

हॉस्टेलवर दर दोन तासांनी कोण कूस बदलणार, म्हणून सरूबाईने तिला घरीच आणलं आणि शिवराजच्या खाटेवर झोपवलं. ड्रेसिंग, उशा, पावडर, सगळं तिच्या हाताला पाठ होतं. पोरगी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. संध्याकाळी उशीत तोंड खुपसून रडली, तेव्हा सरूबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. नंतर ती ओसरीत आली.

"तुमाला सगळं ठावं व्हतं," ती नवऱ्याला म्हणाली. "कशानं जखम व्हती, किती लवकर व्हती. आपल्या इतकं कुणाला ठावं हाय?"

"व्हय."

"मंग? दोन इंच कापलं असतं, तर शिवराज कमी व्हनार व्हता का?"

पुंजारामने आतल्या खाटेकडे पाहिलं.

"मला वाटलं, व्हईल," तो म्हणाला.

 सरूबाई त्याच्या शेजारी बसली आणि दोघेही रडले. पोरगा गेला तेव्हा लोकांच्या गर्दीत त्यांना असं शेजारी बसून रडायला मिळालंच नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी पुंजाराम टेप घेऊन दारात उभा राहिला.

"माप घेऊ का, पोरी?"

"आता कशाला, काका? फेब्रुवारी गेली."

"पुढल्या डिसेंबरला हाच रस्ता हाय. मला मान्य हाय, चूक माझी हाय. तू नको म्हणशील तर नाय घेत."

राजनंदिनीने उशीवरून मान वळवून टेपकडे पाहिलं. मग म्हणाली, "घ्या."

टेपचं एक टोक सरूबाईने धरलं. माप साडेअकरा निघालं. इतके दिवस तो तिला नजरेनेच बाराची ठरवत होता. पोरीचं माप त्याने एकदाही घेतलं नव्हतं, हे त्याला आत्ता कळलं.

अंगणात खुर्ची उलटी करून त्याने फोम उपटून फेकला आणि पुढच्या आडव्या पाइपवर खडूने दोन रेघा मारल्या. करवत लावली. पाइप जाड होता. दुसऱ्या रेघेवर करवत अडली, तशी त्याने ती काढून तेल लावलं आणि पुन्हा धरली. शेवटी अडीच इंचांचा तुकडा फरशीवर पडला. करवतीने तो तापला होता. पुंजारामने तो उचलला आणि निवेपर्यंत मुठीत धरून ठेवला.

"काका," आतून राजनंदिनीने विचारलं, "झालं का?"

"एक पाइप झाला," तो म्हणाला. "मागचा राह्यलाय."