बिरोबाच्या बकऱ्याचा दुसरा कौल

नेकनूरच्या दवाखान्यात मी निजाम सरकारचा डॉक्टर होतो, आणि डोकं माझं तेव्हाही लवकर तापायचं. त्या सकाळी ते तापवलं धुळाजी धनगरानं. त्याची सून रतनबाई हिला झटके यायचे. बसल्या जागी अंग पांढरंफटक पडायचं, घामाच्या धारा लागायच्या, छाती धडधडायची. घरच्यांनी ठरवलं, भूत आहे. मग रिवाजाप्रमाणे बिरोबाच्या बकऱ्यावर पाणी ओतून देवाला विचारलं. बकऱ्यानं अंग झाडलं, म्हणजे देवानं भुताचा कौल दिला. ऐन पौषात गार पाणी ओतल्यावर मीही अंग झाडलं असतं. बकरं देवळापुढंच कापलं गेलं, आणि आता भगत हरिबा आसुडानं भूत उतरवणार होता. गेल्या साली अशाच आसुडानं आष्टीकडची एक बाई मेली होती.

रतनबाई देवळातून उठून थेट माझ्याकडे आली. मागोमाग धुळाजी, आसूड घेतलेला हरिबा आणि निम्मं गाव. दारातच तिला झटका आला. मी लगेच तिच्या दंडातून रक्त काढलं आणि म्हणालो, "भूत नाही. हिच्या रक्तातच काहीतरी जास्त आहे. ताजं आतडं मिळालं तर त्यावर हे रक्त घालून दाखवतो."

"त्याच बकऱ्याचं आना," रतनबाई धापा टाकत म्हणाली. "देवाचं हाय ना? मंग त्यालाच पुन्ना इचारा. आन् आदी मामंजीचं रगत घाला."

सासऱ्यासमोर सून एवढं बोलली हेच गावाला पचेना. पण देवाच्या बकऱ्याला नको म्हणायची धुळाजीची छाती होईना.

आतड्याचा बोटभर तुकडा मी कोमट मिठाच्या पाण्यात टांगला आणि त्याच्या टोकाला दोऱ्यानं गवताची काडी जोडली. जनावर मेलं तरी ताजं आतडं काही वेळ आपलं आपण आवळतं, सैल पडतं. काडी वरखाली होऊ लागली. धुळाजीचं रक्त काढून घातलं, काडी हलतच राहिली. पाणी बदलून रतनबाईचं घातलं. आतडं ढिलं पडलं, काडी थांबली.

"बगा," धुळाजी म्हणाला, "मेलेलं बकरं बी भ्यालं हिच्या भुताला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा पाणी बदललं, काडी हलायला लागू दिली, आणि कपाटातल्या बाटलीतलं औषध थेंबभर टाकलं. काडी तश्शीच थांबली.

"ह्या बाटलीत भूत आहे का?" मी विचारलं. "मेंढीच्या मूत्रपिंडावर एक गाठ असते, तिचा हा अर्क. माणूस भ्यालं की हाच रस रक्तात उतरतो. हिच्या रक्तात तो न भिताच उतरतो."

"मेंढीच्या?" रतनबाईनं विचारलं.

"मेंढीच्या."

तिनं हरिबाच्या हातातला आसूड ओढून घेतला आणि सासऱ्यापुढं धरला.

"मामंजी, मंग भूत तुमच्या मेंढरात बी हाय. आदी त्यांला हाना, सगळ्या कळपाला. मंग माजी पाठ हायच."

कोकराच्या पायात काटा मोडला तरी जेवण न जाणारा माणूस तो. त्यानं आसुडाला हात लावला नाही. हरिबाकडे न बघताच पायऱ्या उतरून गेला.

रोगावर इलाज माझ्याजवळ नव्हता. ते तिला तोंडावर सांगताना माझी मान खाली गेली.

"झटका यील तवा यील," ती म्हणाली. "पन आता माज्या आंगाला कुनी हात लावायचा न्हाई."

आसूड ती घरी घेऊन गेली.