शेवटची पोळी आणि जर्मनचे पातेले

मित्रांनो, मी एक जुने पातेले आहे. तांब्याचे नाही, पितळेचे नाही, स्टीलचे तर नाहीच नाही. मी जर्मनचे आहे. ॲल्युमिनियमला आमच्याकडे 'जर्मन' का म्हणतात हे मला कोणी सांगितलेले नाही, पण तो शब्द उच्चारताना लोक नाक मुरडतात हे मी जन्मापासून पाहत आले. "जर्मनचंच आहे, टाक तिकडे," एवढीच माझी ओळख होती. तरी आज मी या घरात देवघराशेजारच्या फळीवर बसले आहे, आणि का बसले आहे ते तुम्हाला ऐकावेच लागेल. बढाई वाटली तर वाटू द्या. ती मी कमावलेली आहे.

एका लहानशा कारखान्यात गोल पत्रा साच्यावर दाबून माझे पोट घडवले, काठ वळवले आणि दोन बाजूंना दोन कान ठोकले. तिथून मी नाशकाच्या भांडीबाजारात आले. दुकानात आतल्या फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी ऐटीत बसलेली असत. आम्हा जर्मनवाल्यांना एकात एक घालून दाराबाहेर ठेवलेले असे. ललिता आणि तिचा नवरा वाल्मीक नवा संसार मांडायला आले होते. तिने हात फिरवला पितळी पातेल्यावरून आणि विकत घेतले मला. वाल्मीक अंबडच्या एका कंपनीत नुकताच लागला होता आणि सिडकोत त्यांचे दोन खोल्यांचे घर होते. त्या घरातला पहिला भात मी शिजवला, पहिल्या बारशाच्या घुगऱ्या माझ्यातच उकडल्या. माझे बूड पातळ, त्यामुळे कधीमधी करपायचे. पण मी कधी गळले नाही.

मग घरात स्टीलची भांडी आली. मी आधी न्हाणीघरात गेले, तिथून मागच्या अंगणात. माझा एक कान तुटला, पोटाला पोचे आले. अंगणात फरशीवर आडवे पडून ऊन खाणे एवढेच काम उरले. खरे सांगते, त्या दिवसांत मला फार वाईट वाटायचे. भांडे रिकामे राहिले की त्याला म्हातारपण लवकर येते.

१९९६ च्या पावसाळ्यात एक तपकिरी पिल्लू भिंतीच्या फटीतून आत आले आणि सरळ माझ्या पोटात शिरून झोपले. सकाळी ललिताला तिथे दोन उभे कान दिसले. ती हसून वाल्मीकला म्हणाली, "अहो, बघा तरी, आपल्या जर्मनमध्ये काय आलंय!" झाले, त्या दिवसापासून पिल्लाचे नाव जर्मन पडले. माझे नाव त्याला मिळाले, मित्रांनो. जिला आजवर कोणी नीट हाकही मारली नव्हती त्या वस्तूला यापेक्षा मोठा मान कोणता?

जर्मनला सगळ्यांसारखीच दूध-पोळी मिळू लागली. ती त्याला मानवेना. कधी उलटी, कधी हगवण, आणि खाजवणे तर अखंड चालू. वर्षभरात पोटाखालचे केस गेले, कान लाल झाले, अंगाला वास येऊ लागला. "कुत्र्याला खरूज झालीय," अशी कुजबूज ओळीत सुरू झाली. आमच्या ओळीत घरे एकाला एक चिकटलेली, मागची अंगणे कमरेएवढ्या भिंतींनी वेगळी केलेली. एका घरात फोडणी पडली की पाच घरांत ठसका लागे, तिथे खरजेची बातमी किती वेळ दडणार?

वाल्मीक स्कूटर काढून कुत्र्या-मांजरांच्या खाण्याच्या मोठ्या दुकानात गेला आणि म्हणाला, "आमच्या जर्मनला मानवेल असं काहीतरी द्या." दुकानदाराला वाटले, घरी दांडगा जर्मन शेफर्ड आहे. त्याने थोराड कुत्र्यांसाठीचे भले मोठे पोते स्कूटरवर बांधून दिले. पोते पाहून ललिताने कपाळावर हात मारला. आमचा जर्मन त्या पोत्यामागे उभा राहिला तर फक्त कान दिसायचे! महागाचे ते खाणे संपेपर्यंत खाज तसूभरही कमी झाली नाही, आणि पुन्हा तसले पोते आणणे या घराला झेपणारे नव्हते.

शेवटी ललिता त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी त्याची कातडी खरवडून तपासली. घरी आल्यावर ललिताने त्यांचे सगळे बोलणे अंगणातच वाल्मीकला सांगितले, म्हणून मलाही कळले.

"खरूज नाहीये. त्या म्हणाल्या, खाण्यातलं काहीतरी बाधतंय. गहू असेल, दूध असेल, वरून बघून कळत नाही. पोत्यातल्या खाण्यातसुद्धा गहू होताच म्हणे. आता दोन महिने त्याला एकच धान्य आणि एकच मासळी द्यायची, दोन्ही त्याने आजवर न खाल्लेली. मीठ नाही, कांदा-लसूण नाही. दुसरा कणही पोटात जाता कामा नये. तब्येत सुधारली की मग एकेक पदार्थ देऊन बघायचा."

"आणि हे असलं महागडं आणायचं कुठून?"

"महाग कशाला? नागली याने कधी खाल्लीय का? आणि धरणातली बारीक मासळी बाजार उठताना स्वस्तात मिळते."

वाल्मीकच्या कंपनीत पेठ तालुक्याकडचा बुधा होता. त्याने गावाहून नागली, म्हणजे नाचणी, आणून दिली. प्रश्न उरला भांड्याचा. कुत्र्याची मासळी स्वयंपाकघरातल्या भांड्यात कशी शिजवायची? ललिताने अंगणात नजर फिरवली आणि मला उचलले. राखेने घासले, विटांची चूल मांडली आणि माझ्या पोटात पाणी ओतले. चटका बसताच मी जागी झाले. मासळी मी इतकी मऊ शिजवायचे की ललिताची बोटे काटे सहज वेगळे काढायची. मग त्यात नागलीचे पीठ आणि डांगराच्या दोन फोडी. डांगर म्हणजे लाल भोपळा, तोही डॉक्टरीणबाईंना विचारूनच. जर्मन मला आतून असा चाटायचा की घासायचे कामच उरत नसे.

उलट्या थांबल्या. खाज मात्र थांबेना. ललिताने ओळीतल्या घरोघरी जाऊन सांगितले होते, "याला काही खायला देऊ नका हं." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तरीही जर्मन खाजवून खाजवून रक्त काढत होता.

दसऱ्याला सोने द्यायला ओळीतले थोरले रंगनाथअण्णा आले आणि दारातच उभे राहिले. "वाल्मीक, मुलं खेळतात इथं. मला तक्रारी येतात. आता चंपाषष्ठीपर्यंत थांबतो. खंडोबाचं जनावर आहे, त्याआधी मी काही करणार नाही. पण त्यानंतरही हे असंच राहिलं, तर मी गाडी बोलावणार."

गाडी म्हणजे कुत्री उचलून नेणारी गाडी. त्या दिवशी ललिता चुलीजवळ बसून रडली आणि तिची आसवे माझ्या काठावर पडली.

आता माझी तगमग ऐका. खाज का थांबत नाही हे त्या सबंध ओळीत एकट्या मला ठाऊक होते! आमच्या ओळीत पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, ही रीत. दुपारी ललिता पुढच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर बसली, की शेजारच्या भिंतीवरून एक हात यायचा आणि तुपाचे बोट लावलेली, गुळाचा खडा घातलेली घडीची पोळी जर्मनपुढे पडायची. तो हात होता चिमणाबाईंचा. त्या कळवणकडच्या, मनाने लोण्यासारख्या मऊ. पलीकडच्या दोन घरांतूनही तसेच हात यायचे. मी ओरडले असते. पण भांड्याला आवाज फुटतो तो पडल्यावरच, आणि मी तर आधीच पडलेले होते.

पण एका दुपारी जर्मनचे पोट नागलीने टम्म भरले होते. पोळी तर सोडवेना. कुत्र्याची जात, उरलेले लपवून ठेवणार. अंगणभर फरशी, उकरायला मातीच नाही. तो पोळी तोंडात धरून इकडेतिकडे फिरला आणि शेवटी त्याने ती हळूच माझ्या पोटात ठेवली. मी ती पोळी सांभाळली. वारा आला, कावळा आला, पण मी ती काठाबाहेर जाऊ दिली नाही.

संध्याकाळी ललिताने मला उचलले आणि ती जागच्या जागी थबकली. तुपाचे बोट, गुळाचा खडा. मला तसेच हातात घेऊन ती भिंतीपाशी गेली.

"मावशी, ही पोळी तुमची ना?"

"हो, माझीच हाय," चिमणाबाई सहज म्हणाल्या. "आज खाल्ली नाय का त्याने?"

"अहो, मी तुम्हाला सांगितलं होतं ना, याला खायला काही देऊ नका म्हणून?"

"मग? म्या कुठं खायला दिलं? खायला देणं येगळं. ह्यो घास हाय. शेवटची पोळी म्हणजे काय खाणं झालं का? ते पुण्य असतं बाई."

तेव्हा ललिताला उलगडा झाला. ओळीतले कोणीच खोटे बोलले नव्हते. घास म्हणजे खाणे, असे कोणाच्या मनातच आले नव्हते.

"मावशी, त्याच्या पोटाला घास आणि खाणं सारखंच," ललिता कळवळून म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्याच होत्या, गहू असेल म्हणून. चंपाषष्ठी झाली की अण्णा गाडी बोलावणार आहेत. घेऊन जातील हो त्याला."

चिमणाबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्याच हातानं त्याचं अंग सोललं? अरं देवा!" त्यांनी पदराने डोळे पुसले. मग एकदम पदर खोचून म्हणाल्या, "रीत काय हाय? शेवटची कुत्र्याची. गव्हाचीच पायजे असं कुठं हाय? मी शेवटी नागलीची भाकर थापीन. तुझी नागली मला दे थोडी."

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी ओळीतले प्रत्येक मागचे दार वाजवले. "जर्मनला गव्हाचा घास टाकंल, त्याची माझ्याशी गाठ हाय," अशी सरळ तंबीच दिली. तेव्हापासून ओळीत शेवटची पोळी बंद झाली आणि शेवटची भाकरी सुरू झाली.

दिवाळी आली तेव्हा खाज निम्मी झाली होती. फटाक्यांच्या धामधुमीत जर्मन माझ्या आडोशाला पडून राहायचा आणि रात्री पूर्वीसारखा खाजवत बसायचा नाही. पोटाखाली मऊ लव आली, मग केस आले, कान पुन्हा ताठ झाले.

चंपाषष्ठीला रंगनाथअण्णांच्या घरी तळी भरली होती. ताम्हनात भंडारा, खोबरे, बाजूला भरीत-रोडगा. ललिता जर्मनला घेऊन दारात उभी राहिली आणि तिच्या मागे चिमणाबाई, मला डोक्यावर घेऊन. होय, डोक्यावर! माझ्यात नागलीचा छोटा रोडगा होता आणि उकडलेले डांगर.

अण्णांनी चष्मा सावरला. "हा कुणाचा कुत्रा? रुबाबदार आहे."

"जर्मनच आहे, अण्णा," ललिता म्हणाली.

अण्णा खाली बसले. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पोट पाहिले, कान उलटून पाहिले. मग भंडाऱ्याची चिमूट घेऊन त्याच्या कपाळाला लावली. "घ्या, भरीत-रोडगा द्या याला."

"भरीत नाय," चिमणाबाई कडाडल्या, "त्यात कांदा हाय. खंडोबाला भरीत आणि खंडोबाच्या कुत्र्याला डांगर!"

सगळे खळखळून हसले. "येळकोट येळकोट जय मल्हार!" असा गजर झाला, आणि त्या गजरात चिमणाबाईंनी पिवळी बोटे माझ्या पोच्यांवरही उमटवली. शेजारी पितळी ताम्हन होते, तांब्याचा कलश होता. त्या दिवशी मी त्यांच्या बरोबरीने बसले होते.

पुढे डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून एकेक पदार्थ देऊन पाहिला. अंडे चालले, तांदूळ चालला. पोळीचा तुकडा दिला आणि खाज परत आली, तेव्हा शंका उरली नाही. जर्मन भरपूर जगला. २००८ च्या हिवाळ्यात, म्हातारा होऊन, तो माझ्या शेजारीच झोपला आणि उठला नाही. मला त्याची आठवण येते. रिकाम्या पोटात आठवण फार घुमते.

मित्रांनो, मुक्या जिवावर माया जरूर करा. पण घास टाकण्याआधी त्याच्या माणसांना विचारा आणि त्याला काय पचते ते बघा. मोठे पोते आणले म्हणजे मोठी माया, असे नसते. आणि भांडे जुने झाले म्हणून त्याला टाकू नका.

गेल्या वर्षी घराला रंग दिला. ललिताची सून संध्या अडगळ काढत होती आणि दारात जुनी भांडी घेणारा मोडवाला उभा होता. मला उचलून तिने हाक मारली, "आई, हे जर्मनचं देऊन टाकू का?"

ललिता आत होती. भिंतीपलीकडून थकलेल्या चिमणाबाईंचा आवाज आला, "देऊ नको गं पोरी, ते जर्मनचं हाय!"

"तेच तर म्हणतेय आजी, जर्मनचंच आहे."

"तू म्हणती ते जर्मन नाय," चिमणाबाई काठी टेकत भिंतीशी आल्या. "आमच्या जर्मनचं हाय ते."

संध्याने मला धुतले, पुसले आणि देवघराशेजारच्या फळीवर ठेवले.