एक जुलैची माणसं

त्या वर्षी पितृपक्ष संपला तेव्हा महादेवराव गुरुजींच्या धान्यकोठीत एकतीस लाल कोहळी होती आणि ज्वारी जेमतेम दोन पायल्या.

कोठी म्हणजे नागपुरात सक्करदऱ्याकडच्या वस्तीतल्या समाजमंदिराची मागची खोली. गुरुजी तिथल्याच प्राथमिक शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, त्याच वर्षी, म्हणजे बहात्तर साली, टंचाई आली. शेजारच्या चार घरांत चूल पेटत नाही हे त्यांच्या बायकोच्या, शोभाताईंच्या लक्षात आलं आणि दोघांनी ही कोठी उघडली. ज्याच्याकडे जास्त असेल त्यानं आणून टाकावं, नसेल त्यानं घेऊन जावं. घेणाऱ्याला काही विचारायचं नाही, एवढा एकच नियम. माग बंद पडलेला कोष्टी यायचा, शहराबाहेर वाडीच्या गोदामात पोतं अंगावर पडून घरी बसलेला हमाल यायचा, बिड्या वळता वळता डोळे अधू झालेली जिजाबाई यायची.

टंचाई गेली तरी येणारे येतच राहिले. पंचाईत देणाऱ्यांची होती. लोक द्यायचे, भरभरून द्यायचे, पण सगळे एकदमच. पितृपक्षात कोहळी. दसऱ्या-दिवाळीला तांदूळ आणि चिवडा. संक्रांतीला तिळगूळ इतका यायचा की पुढे महिनाभर घेणारेच हळू आवाजात म्हणायचे, गुरुजी, गोड नको. चौदा एप्रिलला पलीकडच्या गल्लीतले आनंदराव आणि त्यांची मंडळी तांदळाची अन् तुरीच्या डाळीची पोती अशी रचायची की दार लावायला दोघं लागायचे. आणि मग मार्गशीर्ष, फाल्गुन, ज्येष्ठ, आषाढ हे महिने कोठीत फक्त उंदीर असायचे, तेही नाराज.

गुरुजींनी यावर उपाय म्हणून घरोघर जाऊन लोकांना समजावायला सुरुवात केली. प्रत्येक घरी अर्धा तास. लोक चहा पाजत, शांतपणे ऐकून घेत आणि दारापर्यंत पोचवायला येत. महिनाभर बोलून त्यांच्या पदरात दीड पायली लाखोळीची डाळ आणि घशाची खवखव पडली.

"तुम्ही बोलता न, तेव्हा लोकाइले शाळा आठवते," शोभाताई म्हणाल्या. "हात मागे बांधून उभे राहतात ते. मंग देतीन कोन्या हातानं?"

युक्तीही शोभाताईंनीच काढली. वस्तीत नुकतीच वाढदिवसाची टूम आली होती. हिंगण्याच्या कारखान्यात लागलेल्या गोविंदानं पोरीच्या वाढदिवसाला केक आणला होता आणि तो पाहायला अर्धी गल्ली जमली होती. शोभाताईंचं म्हणणं असं की, ज्यानं त्यानं आपल्या वाढदिवशी कोठीत एक पायली धान्य टाकावं. माणसं काही एकाच दिवशी जन्माला येत नाहीत. दोनशे माणसं धरली तर दर दुसऱ्या दिवशी कोणी ना कोणी येणारच.

गुरुजी खूष झाले. त्यांनी समाजमंदिरात सभा घेतली आणि आश्चर्य म्हणजे एकजात सगळ्यांनी माना डोलावल्या. काही जणांनी तर टाळ्या वाजवल्या. इतकं सहज काम झालं तेव्हाच त्यांना शंका यायला हवी होती, पण निवृत्त माणसाला टाळ्या ऐकू आल्या की त्याची शंका घेण्याची शक्ती थोडी कमी होते.

दुसऱ्या दिवसापासून शोभाताई वही घेऊन घरोघर जन्मतारखा लिहायला गेल्या. इकडे गुरुजींनी मोठ्या पुठ्ठ्यावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखले, शाळेच्या वेळापत्रकासारखे, लाल-निळ्या शाईत. तीन दिवसांनी संध्याकाळी दोघं ओट्यावर बसली. शोभाताई वाचू लागल्या आणि गुरुजी लिहू लागले.

रुपराव शिंपी, एक जुलै. गोविंदा, एक जुलै. गोविंदाचा मोठा भाऊ, एक जुलै. आनंदराव, एक जुलै. गुरुजींनी दोन-तीनदा वर पाहिलं, पण शोभाताईंचं लक्ष वहीत होतं. पहिलं पान संपेपर्यंत जुलैचा रकाना भरला, दुसऱ्या पानाला गुरुजी समासात लिहू लागले. बाकीच्या अकरा रकान्यांत मिळून सात नावं होती, तीही सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या लहान लेकरांची.

गुरुजींना वाटलं, लोकांनी थट्टा मांडली आहे. पुढच्या जुलैपर्यंत आठ-नऊ महिने सुटका, म्हणून सगळ्यांनी संगनमत केलं. ते तडक गोविंदाच्या घरी गेले आणि वर्गात करायचे तसा आवाज करून त्याला बाहेर बोलावलं. गोविंदानं काही वाद घातला नाही. आत जाऊन ट्रंकेतून शाळा सोडल्याचा दाखला आणला आणि गुरुजींच्या हातात दिला.

गुरुजींनी चष्मा लावला. जन्मतारीख एक जुलै. अक्षर वळणदार, उभ्या रेघा सरळ, ल ची गाठ नेमकी.

"गुरुजी," गोविंदा अदबीनं म्हणाला, "हे अक्षर तुमचंच होय न?"

होतं. छत्तीस वर्षं जूनअखेर आया लेकरांना घेऊन शाळेत यायच्या. कधी जन्मला विचारलं की सांगायच्या, कन्हानले पूर आला होता तवा, किंवा आमची काळी गाय मेली त्याच्या दुसऱ्या वर्षी. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाती लागला की सहा वर्षं पूर्ण, आणि मग हिशेबाला सोपी म्हणून एक जुलै. आपण किती जणांचं असं केलं हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं. ते आता त्या पुठ्ठ्यावर रांगेनं उभे होते.

घरी येऊन त्यांनी ते शोभाताईंना सांगितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही थांबेना.

"अख्खी वस्ती तुम्ही एकाच दिवशी जन्माला घातली," त्या शेवटी म्हणाल्या. "अन् मले इतके वर्षं काही समजलं बी नाही."

गुरुजी दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी जुनी पंचांगं काढली, पुठ्ठा उलटा करून त्यावर मराठी महिन्यांचे नवे रकाने आखले, समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी टाकली आणि निरोप पाठवला की ज्यांच्या घरी म्हाताऱ्या बाया असतील त्यांनी त्यांना घेऊन यावं. चूक आपली आहे, ती आपणच दुरुस्त करू. ज्याला त्याला ज्याची त्याची खरी तारीख मिळेल.

मग पंधरा दिवस त्या ओट्यावर जी बैठक भरली, तशी वस्तीनं पूर्वी पाहिली नव्हती. म्हाताऱ्या दात नसलेल्या तोंडानं साक्ष देत. हा झाला तेव्हा तूर कापायला आली होती, म्हणून पौष. ही झाली तेव्हा मोहाची फुलं पडत होती, म्हणून चैत्राच्या आसपास. रुपराव शिंप्याची आई आणि मावशी यांचं एकमत होईना. आई म्हणे, संत्र्याचा आंबिया बहार होता, थंडीतला. मावशी म्हणे, मृगाचा, पावसातला. दोघींनी तिथल्या तिथं चाळीस वर्षांपूर्वीचं एक लुगड्याचं भांडणही उकरून काढलं. रुपराव, वय पंचेचाळीस, मध्ये मान खाली घालून बसला होता. शेवटी त्याला फाल्गुन दिला, कारण फाल्गुन मोकळा होता.

एका कारकुनाला भीती वाटली की तारीख बदलली तर ऑफिस आपल्याला सहा महिने आधी घरी बसवेल. ही तारीख फक्त ज्वारीपुरती आहे, ऑफिसला कळणार नाही, असं गुरुजींनी त्याला तीनदा सांगितलं. तेव्हा गोविंदानं विचारलं की तारीख बदलतच आहे तर वय दोन वर्षांनी कमी होईल काय. गुरुजींनी त्याला कान धरायला सांगितलं. यावेळी वय मोजायला नव्हे, शिक्षा म्हणून.

हळूहळू रकाने भरले. मार्गशीर्षात चौदा, फाल्गुनात सोळा, आषाढात अकरा. फक्त ज्येष्ठ रिकामा राहिला. उन्हाळ्यातल्या जन्माची आठवण कोणालाच नव्हती, किंवा असली तरी कोणी सांगत नव्हतं.

वस्तीत सर्वात मोठा दाता म्हणजे चंपतराव. वाडीला त्यांचे तीन ट्रक आणि एक गोदाम. दर दिवाळीला ते कोठीला तांदळाची दोन पोती द्यायचे, पण ती पोती बँड लावून यायची. पुढे बँड, मागे हातगाडीवर पोती, पोत्यांवर झेंडूचे हार, आणि त्यामागे चंपतराव, त्यांच्याही गळ्यात हार. पोतं उतरवताना थांबून फोटो काढावा लागे. गुरुजींनी त्यांना ज्येष्ठात द्याल का म्हणून विचारलं, तेव्हा ते हसले.

"ज्येष्ठात कोन पाहाले येते, गुरुजी?" ते म्हणाले. "डांबर वितळते रस्त्यावरचं. मले दिवाळीच ठेवा. माझा जन्म दिवाळीचाच होय, मले आतून वाटते."

त्यांची आई प्रयागबाई त्यांच्यासोबत आली होती. ऐंशीच्या पुढची, काठीवर हनुवटी टेकून बसलेली. आतापर्यंत ती इतरांच्या साक्षी ऐकत होती.

"म्या जनलं का तू जनला?" ती म्हणाली.

चंपतरावांनी तिला घरी नेण्यासाठी हात पुढे केला. तिनं काठीनं तो बाजूला सारला आणि गुरुजींकडे वळली.

"लिहा गुरुजी. खाप्याहून नागपूरले येऊन राहिलो होतो, बंडीत. ज्येष्ठाचं ऊन. वाटेतच कळा सुरू झाल्या, बैल झाडाखाली सोडले. भर दुपारी झाला हा. अंगात उठाचं बळ नव्हतं माह्या, छातीले दूध नव्हतं. रस्त्याच्या कडेच्या खोपटीतल्या बाईनं मले लोटाभर आंबील पाजली, तवा हा जगला. तिचं नाव बी मले ठाव नाही." तिनं पोराकडे पाहिलं. "तवा कोन्ता बँड लागला होता गा?"

चंपतरावांनी टोपी काढली, आतून पुसली आणि परत घातली. ही गोष्ट त्यांना पन्नास वर्षांत कोणी सांगितली नव्हती, कारण त्यांनी कधी विचारली नव्हती. लिहा, एवढंच ते म्हणाले.

त्या ज्येष्ठात ते खरंच आले. दोन पोती ज्वारी आणि एक पोतं तांदूळ. बँड मात्र नव्हता. याचं कारण चंपतरावांना साधेपणाची गोडी लागली होती असं गुरुजी पुढे लोकांना सांगत. शोभाताईंना खरं कारण माहीत होतं. ते दिवस लग्नाचे, शहरातला एकही बँडवाला रिकामा नव्हता, आणि चंपतराव तीन ठिकाणी विचारून आले होते. प्रयागबाईंनी मात्र त्या दिवशी समाजमंदिराच्या दारात आंबिलीनं भरलेलं मोठं गंज ठेवायला लावलं आणि उन्हातून येईल त्याला लोटा भरून दिला. चंपतरावही दोन लोटे प्यायले. डोळ्याला रुमाल लावलेला पाहून कोणी विचारलं, तर म्हणाले, मिरची जास्त झाली आहे.

आषाढात एका सकाळी जिजाबाई कोठीवर आली. दर आठवड्याला यायची तशीच. शोभाताईंनी तिच्या पिशवीत ज्वारी घातली. पण ती गेली नाही. भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिला तो धड दिसत नव्हता, पण तो तिथं आहे हे तिला ठाऊक होतं.

तिनं गुरुजींना विचारलं की यात आपलं नाव कुठं आहे. गुरुजींनी गोड शब्दांत सांगितलं की, बाई, हे देणाऱ्यांचं आहे. तुम्हाला काही द्यायची गरज नाही. तुम्ही निश्चिंतपणे न्यायचं.

जिजाबाईनं पिशवी खाली ठेवली.

"काहून?" ती म्हणाली. "मी जन्मले नाही का?"

गुरुजींनी पेन उघडला आणि कधीचा जन्म म्हणून विचारलं. जिजाबाईला ते पक्कं माहीत होतं. तान्हा पोळ्याचा दिवस. तिची आई सांगायची की बाहेर लेकरं लाकडाचे बैल ओढत होती, त्या आवाजात हिचं रडणं कोणाला ऐकूच आलं नाही.

तान्ह्या पोळ्याला जिजाबाई धुवट लुगडं नेसून आली. तिच्या झोपडीमागे नालीच्या काठाला तिनं अंबाडी लावली होती, तिची मोठी जुडी पदरात बांधून. शोभाताईंनी तिला पाटावर बसवलं आणि निरांजनानं ओवाळलं. तिनं लाजून दोन्ही हातांनी तोंड झाकलं, म्हणून कुंकू अर्धं बोटांना लागलं. अंबाडी दुपारपर्यंत तीन घरांत गेली. त्यातलं एक घर रुपराव शिंप्याचं होतं. त्याचं मशीन त्या महिन्यात मोडलं होतं, आणि तो पहिल्यांदाच पिशवी घेऊन मागच्या दारानं आला होता. जुडी त्याला जिजाबाईनंच दिली. तिनं त्याला काही विचारलं नाही, नियम तिला पाठ होता.

तिनं सांगितलेल्या खाणाखुणांवरून गुरुजींनी तिचं वय काढलं. एकसष्ट आलं. जिजाबाईला ते फार वाटलं, ती पन्नास धरून चालली होती. मग पाटावरून उठता उठता तिनं गुरुजींना जवळ बोलावलं. पुढच्या वर्षी आपला जन्म पंधरा दिवस अलीकडे घ्यावा, असं तिचं म्हणणं होतं. पोळ्यापर्यंत अंबाडी जून होऊन जाते, आधी तोडली की कोवळी लागते.

गुरुजींनी शोभाताईंकडे पाहिलं. त्यांनी हसून मान डोलावली. गुरुजींनी पुठ्ठ्यावरचं जिजाबाईचं नाव खोडलं आणि पंधरा दिवस वर, चांगल्या वळणदार अक्षरात, नीट लिहिलं.